ओट्यावरची शेकोटी

पेणमध्ये थंडी पडते, हे मी कोणापुढेही सिद्ध करायला तयार आहे. वर्षातून सतरा दिवस पडते. मी मोजले आहेत. आमच्या सौ.च्या मते हा आकडा अकरा आहे, कारण उरलेले सहा दिवस मला सर्दी असते आणि सर्दी झालेल्या माणसाची साक्ष थंडीच्या बाबतीत धरता येत नाही. ते काही असो. सतरा म्हणा, अकरा म्हणा, त्या दिवसांत माणसाने करायचं काय? आजवर सगळं पेण गोधडीत शिरत आलं. मी शेकोटी विकत घेतली.

अंगणात पालापाचोळा पेटवून भोवती उकिडवं बसतात, ती शेकोटी नव्हे. ही विलायती, गॅसवर चालणारी, दिवाणखान्याच्या भिंतीत बसवायची. बिडाची पेटी, आत भाजलेल्या मातीची खोटी लाकडं, पुढे जाळी आणि भोवती पांढऱ्या दगडाची दोन खांबांची कमान. रोह्याच्या ज्या कंपनीत मी स्टोअर्सचा हेडक्लार्क आहे, तिथे तीन वर्षं एक गोरा साहेब होता. आल्या आल्या त्याने बंगल्यासाठी ही शेकोटी मागवली. बोटीने यायला तिला दहा महिने लागले आणि तेवढ्यात साहेबाने रोह्याचा एप्रिल पाहिला. शेकोटी बसली, पण एकदाही पेटली नाही. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात साहेब मायदेशी गेला आणि बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. एअरकूलरवर अकरा जण तुटून पडले. शेकोटीवर मी एकटा होतो. लिलावात आपण एकटेच उरलो की शहाणा माणूस विचारात पडतो. मी सही करून मोकळा झालो.

कारण सांगतो, आणि खरं सांगतो. एकदा एक रजिस्टर घेऊन मी त्या बंगल्यावर गेलो होतो. साहेब त्या न पेटलेल्या शेकोटीसमोर आरामखुर्चीत पाय लांब करून पुस्तक वाचत होता. मी दहा मिनिटं उभा होतो, आणि त्या दहा मिनिटांत कोणीही त्याला "जरा उठता का, केर काढायचाय" असं म्हटलं नाही. आमच्या घरी झोपाळ्याच्या एका टोकाला मी बसतो आणि उरलेल्या जागेत वाळलेले कपडे बसतात. कपडे वाढले की मी उठतो. घरात आपली म्हणून एक जागा असावी, समोर विस्तव असावा, पाय लांब असावेत आणि कोणी उठवू नये, एवढीच माझी इच्छा होती.

टेम्पोतून शेकोटी निघाली ती निडी ओलांडून, नागोठणे ओलांडून सुखरूप आली आणि पेणच्या अलीकडे गडब गावात टायर बसला. रस्त्याच्या कडेला वालाच्या शेंगा घेऊन बसलेली एक म्हातारी उठून टेम्पोपाशी आली. धोंडुबाई म्हणतात, असं टेम्पोवाल्याने सांगितलं. तो तिचं गिऱ्हाईक होता. तिने गोणपाट उचलून आत डोकावलं, कमान पाहिली, दोन खांब पाहिले आणि हात जोडले.

"कंच्या देवाचं मखर हाय हो?"

"मखर नाही, मावशी. शेकोटी आहे. घरात बसवायची."

"घरात इस्तव? आनि घर कसलं हाय तुमचं?"

"लाकडाचं."

"मंग जोडलेले हात ऱ्हाऊं देत," ती म्हणाली, आणि टायर बदलून होईपर्यंत तिने खरोखरच ते सोडले नाहीत.

आमचं घर लाकडाचं आहे म्हणजे नुसते खांब आणि तुळया लाकडाच्या, असं नाही. वडील लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा मालकाने शालीऐवजी लाकूड दिलं, आणि वडिलांनी त्यातला एक तुकडा वाया जाऊ दिला नाही. खांब सागाचे, तुळया ऐनाच्या, भिंती फळ्यांच्या, वर फळ्यांचा माळा. मोरी तेवढी दगडाची आहे, तीही आईने हट्ट धरला म्हणून.

त्या माळ्यावर बायजाबाई. जिना बाहेरून आहे, पण तिचं लक्ष आत असतं. गेली चौदा वर्षं ती आमच्या माळ्यावर शाडूचे गणपती करते. हमरापूरला, तिच्या माहेरी, घरोघर कारखाने आहेत आणि साच्यातून रोजचे पन्नास गणपती निघतात. बायजाबाई वर्षाला चाळीस करते, सगळे हाताने, आणि सगळे ठरलेल्या चाळीस घरांसाठी. त्या घरांचे पाट होळीच्या आधीच तिच्याकडे येऊन पडतात. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती. चतुर्थीला माणूस येतो, आपला पाट ओळखतो आणि देव घेऊन जातो. आयत्या वेळी दुसरीकडून आणू, असं त्या चाळीस घरांत कोणाच्या मनातही येत नाही. त्यातलं एक घर आमचं.

शेकोटीबरोबर इंग्रजीत माहितीपुस्तक होतं. चोवीस पानं, आणि त्यातली एकवीस 'सावधान' या शब्दाने सुरू होणारी. मी शब्दकोश घेऊन चार रविवार बसलो. पहिली सूचना अशी की, शेकोटीपासून तीन फुटांत लाकूड नसावं. मी टेप घेऊन सगळं घर मोजलं. अशी जागा एकच निघाली, ती मोरी.

"बसवा तिथे," सौ. म्हणाली. "आंघोळीला तरी ऊब येईल."

दुसरी सूचना, पेटती असताना खिडकी उघडी ठेवावी. म्हणजे थंडी घालवायला शेकोटी, शेकोटीसाठी खिडकी उघडी, आणि खिडकीतून थंडी आत. यात काहीतरी खोल तत्त्वज्ञान असावं असं वाटून मी पुढे गेलो. तिसरी सूचना, शेकोटी पेटली असताना एका जबाबदार प्रौढ व्यक्तीने सतत समोर हजर असावं.

"जबाबदार?" सौ.ने तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"हो."

"मग तुम्हाला पेटवता येणार नाही."

अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

शेजारी महमूदभाई. बारा वर्षं कुवेतला होते, लढाईनंतर कायमचे परत आले. आळीत यंत्राचं काही निघालं की त्यांचं मत घ्यायची पद्धत आहे. नाही घेतलं तर ते आणून देतात. त्यांनी शेकोटीला एक फेरी मारली.

"भाऊ, तिकडं तेलाच्या विहिरी पेटल्या, त्यो जाळ बघून मी नोकरी सोडून घरी पळालो. आनि तू त्योच इस्तव माझ्या भिंतीला आनून लावतोस?"

"अहो, ही सुरक्षित आहे. चोवीस पानं आहेत."

"विहिरीला पन पुस्तक व्हतं," महमूदभाई म्हणाले.

उपाय जनू गवंड्याने काढला. दिवाणखान्याची मागची फळ्यांची भिंत काढायची, तिथे जोत्यापासून विटांची भिंत उचलायची आणि तिच्यात शेकोटी बसवायची. दोन्हीकडे तीन-तीन फूट वीट, मग लाकूड लांब राहील. काम चार दिवसांचं. जनूचे चार दिवस फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू झाले. भिंत काढल्यावर आम्हाला कळलं की वडिलांनी ती नुसती आडोशाला घातली नव्हती. माळ्याची मधली तुळई तिच्यावर टेकली होती. मोठा आवाज वगैरे झाला नाही. तुळई फक्त दोन बोटं खाली आली आणि वरून बायजाबाईचा आवाज आला.

"भाऊ, गनपती डावीकडं कलले!"

टेकू लावले. टेकूसाठी झोपाळा काढावा लागला, म्हणजे माझं होतं ते टोकही गेलं. तुळईला आधार म्हणून नवा खांब आला, खांब आला म्हणून दार सरकलं, दार सरकलं म्हणून ते लागेना, आणि लागेना म्हणून एप्रिलभर आम्ही दाराला पाटा-वरवंटा लावून झोपलो. विटांची धूळ फळ्यांच्या फटींतून वर जायची. शाडूच्या ओल्या मातीत धूळ गेली की मूर्ती तडकते. बायजाबाईने मातीवर ओली फडकी घातली आणि हात जोडून बसली. सहा आठवडे तिचं काम बंद होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती रोज सकाळी जिन्यावर बसून विचारायची, "आज झालं का, भाऊ?" आणि मी रोज म्हणायचो, "उद्या." मला त्याची लाज वाटायची, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तेव्हा बोललो नाही.

मग धुराड्याचा परवाना. नगरपालिकेच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला.

"धुराडं कशाचं? छापील फॉर्मात तीनच रकाने आहेत. बेकरी, वीटभट्टी, लोहारकाम."

"त्यातलं काही नाही. मला घरात ऊब हवी आहे."

त्याने फॉर्म उलटून पाहिला. "ऊब नाही यात. बेकरी लिहा, लवकर होतं."

मी बेकरी लिहिलं. पंधरा दिवसांनी एक गृहस्थ पावाचं वजन तपासायला घरी आले. सौ.ने त्यांना पोहे दिले. पोह्यांचं वजन त्यांनी केलं नाही. मात्र ही बातमी आळीत फुटली आणि दोन घरांतून नानकटाईचं पीठ परातीसकट आमच्याकडे आलं. शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्रही लागणार होतं. महमूदभाईंनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: 'आग न लागल्यास माझी हरकत नाही. लागल्यास आहे.' कारकुनाने त्यावर शिक्का मारला.

गॅसवाल्यांचा तपासनीस आला तेव्हा शेकोटी विटांच्या भिंतीत, जमिनीलगत, साहेबाच्या बंगल्यात होती तशीच बसली होती. मी बाजूला आरामखुर्चीही ठेवली होती, चित्र पुरं व्हावं म्हणून.

"शेगडी कुठाय?" त्याने विचारलं.

"ही काय."

"ही जमिनीवर आहे. शेगडी सिलिंडरच्या वर पाहिजे. ओट्यावर. नियम आहे."

"ही शेगडी नाही. शेकोटी आहे."

"गॅसवर जळते ना? मग शेगडी. ओटा अडीच फूट."

मी साहेबाचा दाखला दिला, पुस्तकातली चित्रं दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "साहेबाला विचारून साहेबाच्या घरी लावा. इथे ओटा." जनू परत आला. विटा परत काढल्या, ओटा घातला, वर कडाप्पा बसवला, त्यावर शेकोटी चढवली. आता खुर्चीत बसलं की जाळ पायांशी न येता बरोबर तोंडासमोर यायचा. दगडी कमान मात्र बसेना, ती वर माळ्याच्या फळ्यांना लागत होती. तिला ओटीवर गोणपाट घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पायपुसणी वाळत होती.

शेवटी राहिलं धुराडं. ते जाणार कुठून? मागे महमूदभाईंची भिंत, पुढे रस्ता. राहिला माळा. पाइप सरळ वर, बायजाबाईच्या खोलीच्या मधून, कौलांतून बाहेर. मी वर जाऊन हे सांगितलं तेव्हा ती एका गणपतीचा कान लावत होती. चाळीस पाट भिंतीला ओळीने मांडले होते. कान लावून झाल्यावर ती बोलली.

"भाऊ, सायबाची चूल माझ्या देवांच्या मधून जानार?"

"चूल नाही, नुसता पाइप. डबल पाइप, एकाच्या आत एक. फळीला भोक मोठं पाडून पत्रा लावतो, लाकडाला स्पर्शही नाही."

"धूर?"

"गॅसला धूर नसतो, बायजाबाई. एका जरी मूर्तीला काजळी लागली, तर मी स्वतः हातोडा घेऊन ते धुराडं फोडीन. शब्द देतो."

बायजाबाईने खाली वाकून जिन्याकडे हाक मारली. "वहिनी गो, आयकलंस ना? भाऊंनी शब्द दिला."

"ऐकला," सौ. खालून म्हणाली. तिने तो शब्द कॅलेंडरवरही लिहून ठेवला.

स्टोव्ह-रिपेरिंगवाल्या शिवाने विलायती जेट काढून आपल्या गॅसला चालेल असा बसवला, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येत नाही याची खात्री केली, आणि मे महिन्याच्या बावीस तारखेला दुपारी शेकोटी पहिल्यांदा पेटली. खोटी लाकडं लालबुंद झाली. देखणीच दिसली, अजून म्हणेन. बाहेर छत्तीस अंश होतं. सगळी आळी बघायला आली आणि चार मिनिटांत गेली. मी सहा मिनिटं बसलो, कारण मी मालक होतो.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जनूने पाइपभोवती लावलेलं सिमेंट कौलापासून सुटलं. पाणी पाइपवरून न येता शेजारच्या भिंतीच्या फळीवर गळलं आणि तिच्या खालच्या तीन पाटांवर पडलं. शाडूला पाणी लागलं की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. सोंड आधी जाते. सकाळी तीन पाटांवर मातीचे तीन गोळे होते, आणि बायजाबाई त्यांच्यासमोर पदराने पाट पुसत बसली होती.

"कोणाकोणाचे?" मी विचारलं.

"पहिला तुमचाच," ती म्हणाली. "देवाला बरोबर कळतं."

त्या वर्षी चतुर्थी ऑगस्टातच आली होती, एकोणतीस तारखेला. सहा आठवडे माझ्या विटांनी खाल्ले, तीन मूर्ती पुन्हा करायला लागल्या. मूर्ती घडून पुऱ्या झाल्या तेव्हा जुलै संपत आला होता. आधी घडलेल्याही पावसाळी हवेत पुन्हा सादळल्या होत्या. आता सगळ्या वाळायच्या होत्या, मग पांढऱ्या रंगाचा हात, मग रंग, मग डोळे. आणि श्रावणात आभाळ बसलं. उन्हाची तिरीप नाही, हवा इतकी ओली की कपाटातल्या काड्याही पेटेनात. पहिला आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. बायजाबाई रोज एकेका गणपतीच्या पाठीला बोट लावून बघायची. माती गारच. पंखा लावला, तर वीज गेली. एका मूर्तीजवळ निखाऱ्यांची पाटी ठेवली, तर एका बाजूने पोटाला चीर गेली आणि सोंडेवर काजळी धरली.

"शाडूला घाई चालत नाय," ती सौ.ला सांगत होती. मी खाली ऐकत होतो. "वल्या मातीवर रंग टिकत नाय, गो. आनि न रंगवलेला देव कोनाच्या पाटावर देऊ? चौदा वर्सांत एक पाट रिकामा गेला नाय माझ्या हातून. औंदा चाळीस जातील."

सौ. खाली आली आणि माझ्याकडे न बघता बाजाराची पिशवी शोधू लागली. ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी सौ. बाजारात गेली होती. मी उदास होतो. उदास माणसाला थंडी वाजू शकते, असं मी स्वतःला पटवलं. खिडकी उघडली, सिलिंडर सोडलं, काडी ओढली, सगळ्यात बारीक आचेवर शेकोटी लावली आणि आरामखुर्चीत पाय लांब केले. तोंड भाजत होतं, पाठ घामाने खुर्चीला चिकटली होती, पण कोणी उठवत नव्हतं. पाऊण तासाने जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि बायजाबाई दारात उभी राहिली. काजळी. मी हातोडा कुठे आहे ते आठवायला लागलो.

"भाऊ, वर चला."

"बायजाबाई, मी शब्द दिलाय, मी मागे..."

"वर चला म्हनते ना!"

तिने माझा हात धरून मला जिना चढवला आणि माझी बोटं पाइपच्या शेजारच्या गणपतीच्या पाठीला लावली. आमचाच होता तो, सगळ्यात शेवटी झालेला, सगळ्यात ओला. पाठ कोरडी लागत होती. पाइप हाताला सोसेल इतकाच गरम होता, आणि सगळ्या माळ्यावर मार्गशीर्षातल्या दुपारसारखी कोरडी ऊब भरली होती. ती दिवा घेऊन मूर्तीभोवती फिरली. एक चीर नव्हती. काजळी नव्हती.

"ही ऊब पायजे मला," ती म्हणाली. "अशीच. बारीक. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. धा दिवस."

दहा दिवस! आणि पुस्तकातली तिसरी सूचना? जबाबदार प्रौढ व्यक्ती? सौ. बाजारातून आली, सगळं ऐकलं आणि कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "स्वयंपाक मी करते, धुणं मी करते. समोर बसण्याचं काम तुम्हाला जमेल." लग्नानंतर बावीस वर्षांनी तिने मला जबाबदार ठरवलं, तेही बसण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला फोन करून दहा दिवसांची रजा मागितली. मोठ्या साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "शेकोटीसमोर बसायचं आहे." त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, मी उत्तर पुन्हा दिलं. मग त्यांनी आजारपणाची रजा मंजूर केली.

त्या दहा दिवसांचं वर्णन करणार नाही, असं ठरवलं होतं. पण एवढं सांगतो. ऑगस्ट महिना, दमट हवा, मी गंजीफ्रॉकवर, डोक्यावर ओला पंचा, हातात विंझणा आणि अडीच फुटांच्या ओट्यावरचा जाळ थेट नाकासमोर. माझी जागा होती, पाय लांब होते आणि खरोखर कोणी उठवत नव्हतं. उलट मी पाणी प्यायला उठलो की वरून हाक यायची, "भाऊ, बसले हाव ना?" आळीतली माणसं दारातून डोकावून जायची. कोणी सादळलेले पापड आणले, कोणी मुलांची ओली दप्तरं. एक बाई सुकट घेऊन आली, तिला बायजाबाईने जिन्यावरूनच परत पाठवलं. वर देव होते. एक जण म्हणाला, बेकरी अखेर सुरू झाली वाटतं.

सहाव्या दिवशी दुपारी जाळ निळा झाला, लहान झाला आणि विझला. आमचं दुसरं सिलिंडर आधीच संपलेलं, नव्याचा नंबर तीन आठवड्यांनी. मी एजन्सीत जाऊन उभा राहिलो. "घरात सहा दिवसांत एवढा गॅस? काय करता काय?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला घरापर्यंत पुरलं. घरी आलो तो दारात महमूदभाई, खांद्यावर भरलेलं सिलिंडर.

"घे."

"अहो, पण रशिदाभाभींचा स्वयंपाक?"

"रशिदा मागच्या पडवीत चुलीवर करते. माझी आई जन्मभर चुलीवरच करत व्हती. घे सांगतो, बाईचे चाळीस पाट हायत वर." मग त्यांनी शेकोटीकडे बोट दाखवलं. "आनि हे बघ, आग लागली तर माझी हरकत हाय. लिहून दिलंय मी."

मी सिलिंडर त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतलं.

बावीस ऑगस्टला चाळीसही गणपती वाळले. शेकोटीच्या उबेने एकालाही नवी चीर गेली नाही. हमरापूरहून बायजाबाईची भाची रंगाला हात लावायला आली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बायजाबाईने सगळ्यांचे डोळे उघडले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लोक जिना चढू लागले. प्रत्येकाने आपला पाट ओळखला. चाळीसावा पाट मी उचलला. तो खाली नेताना सौ.ने विचारलं, ठेवायचा कुठे, मखर दरवर्षी झोपाळ्यावर मांडायचो, तो काढल्यापासून घरात त्याला जागाच नाही. मग आम्ही दोघांनी ओटीवरच्या कमानीवरची पायपुसणी काढली, कमान धुऊन उभी केली आणि दोन पांढऱ्या खांबांमध्ये गणपती बसवला. गडबच्या धोंडुबाईला ते डिसेंबरातच दिसलं होतं.

बायजाबाई आरतीला खाली आली. प्रसाद घेताना म्हणाली, "भाऊ, तुमची सायबाची चूल चांगली हाय." चोवीस पानांत कुठेही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

आणि मग डिसेंबर आला. सतरा दिवसांतला पहिला दिवस. पहाटे उठलो तर तोंडातून वाफ. मी अंगात स्वेटर घातला, कानटोपी घातली, चहाचा कप घेतला, वर्षभर न वाचलेलं पुस्तक घेतलं. खिडकी उघडली. साबणाचं पाणी लावून जोड तपासले. आरामखुर्ची ओढली, पाय लांब केले आणि काडी ओढली. खोटी लाकडं हळूहळू लाल झाली. गार चेहऱ्यावर ऊब आली तशी मी डोळे मिटले. साहेबाला जे मिळालं नाही ते मला मिळालं होतं.

वर जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

"भाऊ! बंद करा, बंद करा! पुढच्या वर्साची माती कालच लावली, वली हाय! हवा कोरडी, त्यात तुमची ऊब. समदे तडकतील!"

मी सिलिंडर बंद केलं. लाकडं काळी पडली. उघड्या खिडकीतून गार वारा थेट पाठीवर येत होता.

"मग पेटवू कधी?" मी ओरडून विचारलं.

"श्रावनात," बायजाबाई म्हणाली.